दप्तर उघडे, किल्ली कोणाकडे?

मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळी आणि समुद्र उभा राहतो. कुणाला जंजिऱ्याशेजारचे मुरुड आठवते, कुणाला दापोलीकडचे. आमचे मुरुड त्या दोहोंपैकी नव्हे. आमच्याकडे समुद्र नाही. उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळाले तरी आम्ही समाधानी असतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरहून बार्शीकडे जाताना वाटेत लागते ते हे मराठवाड्यातले मुरुड. १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्या दिवशी लातूर जिल्हा वेगळा झाला, मुरुड लातूरकडे आले आणि पुढे खुद्द उस्मानाबादचेच धाराशिव झाले. गाव जागच्या जागी राहिले. पण गावाचे दप्तर मात्र या घरातून त्या घरात सारखे फिरत आले आहे. ही हकिकत त्या दप्तराची आहे.

बसस्थानकाजवळ झेरॉक्सचे एक दुकान आहे. पाटी झेरॉक्सची असली तरी तेथे सातबारा, आठ-अ, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला असे सगळे निघते. पावसाळ्याच्या तोंडी मी तेथे काही कामाला गेलो असता आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी आधीच बाकावर बसलेले होते. सारे गाव त्यांना तात्या म्हणते, मीही तात्याच म्हणेन. दुकानातल्या पोराने त्यांचा गट नंबर टाकला आणि पडद्यावर सातबारा उमटला. तात्या चष्मा वर-खाली करीत बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले,

"लेकरा, ही माझी जमीन अशी कुणालाबी दिसती का रे?"

"हो तात्या. गट नंबर टाकला की कुणालाबी. नावानंबी हुडकता येतंय."

"मंग सोसायटीचं कर्ज हाय ते?"

"तेबी. इतर हक्कात बोजा दिसायलाय की."

"मंग घराला कुलूप तरी कशाला लावायचं!" तात्या हसले. पण लगेच त्यांचा चेहरा उतरला आणि पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "बरं, एवढं समद्याला दिसतंय, तर माझ्या बहिणीचं नाव ह्यातनं कुणी काढलं, ते का दिसंना गेलंय?"

या प्रश्नाला त्या पोराजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

प्रकरण असे होते. तात्यांचे वडील वारले तेव्हा वारस म्हणून दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तिघांची नावे फेरफाराने लागली होती. हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल तात्यांच्या ट्रंकेत होती व तीत तिन्ही नावे स्वच्छ होती. संगणकावरच्या उताऱ्यात मात्र दोनच. बहिणीच्या मुलाने ते पाहिले, आईला सांगितले, आणि दोघा भावांनी पैसे चारून नाव उडविले असा बोभाटा झाला. त्या वर्षी बहीण भाऊबीजेला आली नाही. तात्यांना जमिनीच्या हिश्श्याची काळजी नव्हती, तो तर ते लिहून द्यायला तयार होते. "म्या काढलं न्हाई, एवढं कागदावर दाखवून दे," एवढेच त्यांचे मागणे होते.

या मागण्यात केवढा मोठा प्रश्न दडलेला आहे हे मला पुढे सहा महिन्यांत कळत गेले. सरकारी दप्तर जनतेला किती उघडे असावे, आणि चोराचिलटांपासून ते किती झाकलेले असावे, हा तो प्रश्न. दिल्लीत, मुंबईत, अमेरिकेत मोठमोठे कायदेपंडित त्यावर डोके खाजवीत आहेत. पण त्याची गाठ मला मारलेली आढळली ती मुरुडच्या एका सातबाऱ्यात.

आमच्या भागात दप्तर उघडे असण्याची सवय फार जुनी नाही. निजामाच्या अमदानीत वरच्या कचेरीची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. रयत मराठी बोलणारी, गावचा पटवारी मोडी लिहिणारा. सेतवारात आपले नाव आहे की नाही हे पाहायचे तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचे. कागद कुणी लपवून ठेवला नव्हता हे खरे. पण जो वाचता येत नाही तो कागद उघडा असला काय आणि बंद असला काय, सारखेच! १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५४-५५ साली खासरा पाहणी पत्रक तयार झाले; मराठवाड्यात आजही जमिनीचा जुना तंटा निघाला की वकील प्रथम त्याचीच नक्कल मागतात. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिचे कलम ३२७ मला फार आवडते. जमिनीचे नकाशे आणि अभिलेख योग्य वेळी, ठरलेली फी देऊन, लोकांना पाहावयास खुले असतील असे ते सांगते. लोकांना म्हणजे नुसत्या मालकाला नव्हे!

यामागे शहाणपण आहे. जमीन ही ट्रंकेत ठेवायची वस्तू नाही. ती चार शेजाऱ्यांच्या मध्ये असते, तिच्यातून वहिवाटीचा रस्ता जातो, तिच्यावर सोसायटीचा बोजा असतो, विकत घेणाऱ्याला ती कुणाची हे कळावे लागते. म्हणून कलम १५० असे सांगते की नवा फेरफार नोंदला की त्याची प्रत तलाठ्याने चावडीवर लावावी आणि संबंधितांना कळवावे. हरकत असेल त्याने ती घ्यावी. चावडीवाचनाची चालही याच पोटातली. गावासमोर नोंदी मोठ्याने वाचून दाखवायच्या. ज्याचे चुकले असेल तो तिथल्या तिथे ओरडतो. २०१७ साली संगणकीकृत सातबारे तपासताना सरकारने हीच जुनी युक्ती पुन्हा वापरली होती. (तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते. गाव त्याला तलाठीच म्हणते आणि म्हणत राहील.)

आता हाताने लिहिलेली ती वही डोळ्यांपुढे आणा. तिच्यात कुणाचे नाव कमी करायचे तर काय करावे लागे? नावाला कंस करावा लागे, फेरफाराचा नंबर घालावा लागे, मंडळ अधिकाऱ्याची सही लागे. खाडाखोड केली तर ती दिसे. शाई निराळी असे, अक्षर निराळे असे. पान फाडले तर दोऱ्यापाशी त्याचा तुकडा राही. थोडक्यात, वही सर्वांना दिसत होती म्हणूनच ती सुरक्षित होती. तिचा उघडेपणा हीच तिची राखण होती. चोऱ्या होत नव्हत्या असे नाही, पुष्कळ होत. पण चोराचे अक्षर वहीतच राहत असे.

संगणक आला आणि येथेच फाटाफूट झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, पंधरा रुपयांत. ही सोय लहान नाही. पूर्वी एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी तीन खेपा घालणाऱ्या माणसाला विचारा! चावडीवरच्या नोटिसाही आता 'आपली चावडी' या नावाने संकेतस्थळावर लागतात. पण संगणकाच्या पडद्याला शाई नसते. तेथे नाव गळाले तर उरलेली नावे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि मधली जागा नाहीशी होते. कुणी, केव्हा, कोणत्या हुद्द्याच्या माणसाने हात लावला याची नोंद संगणक ठेवतो, माणसाहून चोख ठेवतो. परंतु ती नोंद आत, कपाटाच्या कपाटात असते. चावडीवर ती लागत नाही.

ती नोंद मागण्याचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. या कायद्याशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. पण त्यापूर्वीच २००२ साली महाराष्ट्राने आपला स्वतंत्र कायदा काढला होता आणि त्याच्या अंमलासाठी अण्णा हजारे यांना २००३ साली उपोषणाला बसावे लागले होते. जगात पाहू गेले तर या कल्पनेचे जनकत्व स्वीडनकडे जाते. १७६६ साली, म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे गादीवर असताना, त्या देशाने सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकांना दिला. आपल्याला दोन शतके उशीर झाला, पण आपला कायदा दुबळा नाही. कलम ४ सांगते की प्रत्येक कचेरीने आपल्याकडे कोणकोणत्या प्रकारची कागदपत्रे आहेत त्यांची यादी, आणि सरकारी मदत कुणाकुणाला दिली त्यांची माहिती, कुणी मागण्याची वाट न पाहता आपणहून जाहीर करावी.

तात्यांच्या नावाने मी अर्ज लिहिला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. मागणी साधी होती: अमुक गटाच्या सातबाऱ्यात संगणकावर पहिली नोंद झाल्यापासून आजपर्यंत जे जे बदल झाले त्यांची तारीख, वेळ, आणि बदल करणाराचा हुद्दा. तिसाव्या दिवशी उत्तर आले. कोणत्या कचेरीचे ते सांगत नाही. उत्तर एका ओळीचे होते: 'सदर माहिती संगणक प्रणालीच्या सायबर सुरक्षेशी संबंधित असल्याने देता येत नाही.'

तात्यांनी मला विचारले, "हे सायबर म्हंजे कोण? साहेबाच्या वरचा हाय का?"

तेव्हा मी हसलो. नंतर वाटले की म्हातारा चुकला नव्हता. हल्ली कचेऱ्यांत हा शब्द खरोखरच साहेबांच्या वरचा झाला आहे. तो उच्चारला की पुढचे विचारणे खुंटते.

असा नकार देणारी आमचीच कचेरी आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेतल्या शिकागो शहरात एका नागरिकाने गाड्यांच्या पार्किंग-दंडाच्या संगणक-दप्तराविषयी माहिती मागितली. दंड कुणाला झाला हे त्याने विचारले नव्हते. त्या दप्तरात कोणकोणते तक्ते आहेत आणि त्यांत कोणकोणते रकाने आहेत, एवढीच नावे त्याला हवी होती. शहर म्हणाले, रकान्यांची नावे दिली तर घुसखोराला वाट सापडेल. खालच्या दोन्ही न्यायालयांनी नागरिकाचे म्हणणे मानले. पण २०२३ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात या आराखड्याला नाव घेऊन सूट दिलेली आहे असे म्हणून, शहराच्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल मी वाचला तेव्हा मला आमचा तलाठी आठवला. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात १ ते २१ असे गाव नमुने असतात. सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पिके, आठ-अ म्हणजे खाते, चौदा म्हणजे पाण्याची साधने. सही करता न येणारा शेतकरीसुद्धा "सात-बारा द्या, सहाची नक्कल द्या" असे सहज म्हणतो. शिकागोच्या कचेरीने जे गुप्त ठरविले ते आपल्याकडे चारचौघांच्या बोलण्यात आहे! रकान्याचे नाव ठाऊक असल्याने आजवर कुणी तलाठ्याचे कपाट फोडले नाही. कपाट फोडले गेले ते कुलूप गंजके होते म्हणून, किंवा किल्ली ओळखीच्या माणसाकडे होती म्हणून.

हेच तत्त्व ऑग्यूस्त केर्कहोफ्स या मूळच्या डच भाषापंडिताने १८८३ साली पॅरिसच्या एका लष्करी मासिकात मांडले. सांकेतिक लिपी अशी असावी की तिची सारी रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजचे संगणकतज्ज्ञही या वचनाला प्रमाण मानतात. कुलुपाचा कारखाना आपली बनावट लपवीत नाही. गिऱ्हाईक आपली किल्ली लपविते. कचेऱ्यांचे मात्र उलटे चालते. किल्ली कागदावर लिहून पडद्याला चिकटवलेली असते, आणि रकान्यांची नावे गोपनीय!

येथवर मी जनतेची बाजू घेतली. पण तात्यांचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. कुणालाही दिसते, तर घराला कुलूप कशाला? तो प्रश्नही हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण उघडेपणाने गरिबाचे नुकसान झाल्याची उदाहरणे आहेत.

आधारची पहिली नोंदणी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. पुढे सात वर्षांत तो क्रमांक पेन्शनला, रोजगार हमीला, बँकेला, सगळीकडे जोडला गेला. मदत कुणाला दिली ते जाहीर करावे असे माहितीचा कायदा सांगत होता. कचेऱ्यांनी याद्या संकेतस्थळांवर टाकल्या. टाकताना मात्र नावापुढचा आधार क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांकही तसाच राहू दिला. मे २०१७ मध्ये बंगळूरच्या एका संशोधन संस्थेने चार सरकारी संकेतस्थळे तपासली आणि सुमारे १३ कोटी आधार क्रमांक अशा रीतीने उघड्यावर पडले असावेत असा अंदाज दिला. त्यापूर्वी महिनाभर झारखंडात पेन्शनदारांची अशीच यादी सापडली होती. यात कुणी चोर शिरला नव्हता. दरवाजा घरमालकानेच उघडा टाकला होता, आणि तोही पारदर्शकतेच्या नावाने.

अंगठ्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. कागदावर अंगठा घेण्याची चाल सरकारी कामात रूढ झाली तिचे मूळ बंगालमध्ये आहे. १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठेकेदाराकडून करारावर शाईने पंजाचा ठसा घेतला. पुढे "सही माझी नव्हेच" असे त्याने म्हणू नये म्हणून. तेव्हापासून अंगठा ही निरक्षराची सही झाली. सही ही दाखवायची वस्तू. खरेदीखतावर अंगठा असतो तो उद्या न्यायालयात सर्वांनी पाहावा यासाठीच. पण आता तोच अंगठा लावून बँकेतून पैसे निघतात. गावातल्या बँकमित्राकडे बँकेचे नाव आणि आधार क्रमांक सांगायचा, यंत्रावर बोट ठेवायचे, रोख रक्कम हातात. म्हणजे जी सही होती तीच किल्ली झाली! आणि किल्ली ही दाखवायची वस्तू नव्हे.

२०१८ साली तेलंगणात एक प्रकार उघडकीस आला. सिम कार्डे विकणाऱ्या एका माणसाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरचे अंगठे पाहून रबरी ठसे बनविले आणि लोकांच्या नावे सिम कार्डे चालू केली. पुढच्या काळात अशाच ठशांनी खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे निरनिराळ्या राज्यांत नोंदले गेले. दस्त उघडा होता तो कायद्याप्रमाणेच होता. चूक एवढीच की दस्ताबरोबर त्यावरचा अंगठाही उघडा ठेवला गेला. एकेकाळी हैदराबाद हीच आमची राजधानी होती. तिकडचा हा प्रकार वाचून मी माझ्या आईच्या नावाचे खरेदीखत पेटीतून काढून पाहिले. तिचा अंगठा निळ्या शाईत लखलखीत उठलेला होता. दुसऱ्याच दिवशी मी तिचे आधारचे ठसे 'लॉक' करून आणले. ही सोय फुकट आहे. ज्यांच्या घरी अंगठा लावणारी म्हातारी माणसे आहेत त्यांनी ती जरूर करून घ्यावी. पैसे काढायचे त्या दिवशी ठसा उघडता येतो.

या भीतीवर उपाय आहे, आणि तो कायद्यातच आहे. माहिती अधिकाराचे कलम १० असे सांगते की कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा. आधारचे पहिले आठ अंक झाकावेत, शेवटचे चार ठेवावेत. अंगठ्यावर काळी पट्टी ओढावी, दस्त दाखवावा. काम कटकटीचे आहे, कबूल. पण कटकट नको म्हणून दोन सोपे मार्ग निघतात: एकतर सगळेच उघडे टाकायचे, नाहीतर सगळेच बंद करायचे. २०१७ साली पहिला मार्ग पाहिला. आता वारे दुसऱ्याकडे वळलेले दिसते.

वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या दोन घटना सांगतो. कलम ८(१)(ज) मध्ये पूर्वी असे होते की खाजगी माहिती नाकारता येईल, पण सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल तरच. आणि विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नये, अशी सुरेख पुस्तीही होती. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने ही सारी वाक्ये काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. आता नुसते 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्यावी असे सांगणारे कलम ८(२) शाबूत आहे. पण ते हित सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावर आले. तात्यांच्या बहिणीचे नाव हीही वैयक्तिक माहितीच की! दुसरी घटना नोव्हेंबर २०२३ ची. संगणकांवरील हल्ल्यांची दखल घेणारी केंद्राची 'सर्ट-इन' ही संस्था माहितीच्या कायद्यातून जवळजवळ पूर्णपणे वगळण्यात आली. कुणावरही हल्ला झाला की सहा तासांत तिला कळवावे असा तिचा २०२२ चा हुकूम आहे. तिने मात्र लोकांना काय कळवावे याचे बंधन राहिले नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्क यांच्या तक्रारी तेवढ्या अपवाद.

या वगळण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कोणत्या कचेरीच्या संगणकाला कोठे भोक आहे याची यादी ते बुजविण्यापूर्वी प्रसिद्ध करणे म्हणजे दरोडेखोराला घराचा नकाशा देणे. पण भोक बुजविल्यावर? १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी, हा सायबर घातपात असू शकतो असे राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल सांगतो, असे जाहीर केले. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की तसे नाही, ती माणसाची चूक होती. आता यातले खरे कोणते धरायचे? ज्यांच्या घरची वीज गेली त्यांच्या पदरी दोन मंत्र्यांची दोन विधाने आली.

आमच्या मराठवाड्यात २०२३ पासून दप्तराला पुन्हा एकदा मोठी जाग आली आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींसाठी जुने कागद हुडकले गेले; मोडी, उर्दू, फारसी वाचणारी माणसे शोधून आणली गेली; २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटही चर्चेत आले. त्या आरक्षणाच्या वादात मी येथे शिरत नाही. मला दिसले ते एवढेच, की पिढ्यान्‌पिढ्या कुणी न उलगडलेली बाडे चित्ररूपाने जनतेपुढे आली आणि माणसे आपल्या पणजोबाचे नाव शोधू लागली. ज्या कागदावर उद्या एखाद्या मुलाचे शिक्षण किंवा नोकरी ठरणार, त्या कागदाचे एक अक्षर संगणकात कुणी बदलले तर? मूळ बाड जपून ठेवलेले असेल आणि चित्र सर्वांना पाहता येत असेल तर बदल लपणार नाही. दोन्ही ताडून पाहणारे हजार डोळे असतील. चित्र बंद ठेवले तर ताडून पाहणार कोण?

तात्यांच्या प्रकरणात आम्ही पहिले अपील केले, वीस रुपयांचे तिकीट लावून. सुनावणीला मी सोबत गेलो. अपिलाचे अधिकारी वयाने तरुण होते आणि, मला सांगायला आनंद वाटतो, शांतपणे ऐकणारे होते. मी त्यांना एवढेच म्हणालो की आम्हाला पासवर्ड नको, यंत्राचा पत्ता नको, कोण्या कर्मचाऱ्याचे आत शिरण्याचे नाव नको. जुन्या वहीत जी शाई दिसत होती तेवढी दाखवा. त्यांनी तात्यांकडे पाहून विचारले, "बाबा, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" तात्या म्हणाले, "साहेब, माझी बहीण माझ्या घरी यायला पाहिजे." साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत.

महिन्याभराने टपालाने पाकीट आले. आत छापलेले एकच पान. गट नंबर, त्याखाली नोंदी. पहिली नोंद हस्तलिखितावरून माहिती भरल्याची, तारीख आणि वेळेसह, खातेदार दोन. म्हणजे भरतानाच तिसरे नाव गळाले होते. त्यानंतर पीकपाहणीखेरीज त्या उताऱ्याला कुणी हात लावलेला नव्हता. हुद्द्याचा रकाना वाचता येत होता. त्यापुढचा, आत शिरण्याच्या नावाचा रकाना काळ्या शाईने नीट झाकलेला होता.

तात्यांनी ते पान दोनदा वाचून घेतले. नाव परत लावण्यासाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे चूकदुरुस्तीचा अर्ज दिला आहे. त्याचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. त्या दिवशी मात्र ते झेरॉक्सच्या दुकानात गेले, पानाच्या दोन प्रती काढल्या, एक खिशात ठेवली आणि दुसरी पाकिटात घालून बहिणीच्या गावाकडे जाणारी एस. टी. कितीला आहे ते विचारीत स्थानकाकडे निघाले.